रस्ता अडवला की आधी अडकतो तो डिलिव्हरीवाला. पणजीकरांनो, यावर बोलायचं का?

सांतिनेजची रांदपीण

शुक्रवारी संध्याकाळी मांडवीच्या पुलाच्या तोंडाशी, दिवजा सर्कलवर लोक बसले होते, कोळशाची वाहतूक आणि झाडतोड या दोन्हींविरुद्ध. मी त्यांच्या बाजूची. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात कोणीतरी मला कोळसेवाल्यांच्या पंगतीला बसवेल.

माझी छोटी खानावळ आहे. दुपारी थाळी, रात्री थाळी आणि तळलेले मासे. निम्म्याहून जास्त धंदा ॲपवरून येतो. त्या संध्याकाळी पर्वरीची एक ऑर्डर होती: दोन थाळ्या, रवा लावलेले बांगडे, सोलकढी. रायडर वेळेत आला, पिशवी घेऊन गेला आणि तासाभराने पिशवीसकट परत माझ्या दारात. सर्कल बंद, जुन्या पुलावर चढता येईना, गिऱ्हाइकाने कंटाळून ऑर्डर रद्द केली. बांगड्याचा रवा ओला होऊन कागदाला चिकटलेला, सोलकढी एका बाजूने गळत होती.

पण तो जेवणाबद्दल बोलायला आलाच नव्हता. त्याने मोबाइल पुढे केला. उशिराचं कारण निवडायला ॲपात पर्याय होते: रेस्टॉरंटकडून उशीर, गिऱ्हाईक सापडत नाही, गाडी बिघडली. रस्त्यावर माणसं बसली आहेत असा पर्याय नाही. म्हणाला, "मावशी, तुमच्याकडून उशीर झाला असं टाकू? गाडी बिघडली म्हटलं तर फोटो मागतात."

टाक म्हटलं. माझं रेटिंग खाली आलं, येईल परत वर. पण हिशेब काही जुळेना. माझे पैसे मला मिळाले, गिऱ्हाइकाला त्याचे परत मिळाले, आणि ज्याने पेट्रोल जाळलं त्याला उशिराचा शेरा.

माझा भाचा त्या बसलेल्यांत होता. तो म्हणतो, सगळ्यांनाच वाट द्यायची तर अडवायचं कोणाला? तेही खरं. आंदोलनवाले, गाडीवाले, आणि कोणी रायडर इथे असतील तर ते, लिहा.

मिरामारची हवा

यात बोलायचं काय आहे? आझाद मैदान कशाला ठेवलंय? तिथे बसा, घोषणा द्या, घरी जा. ऑफिस सुटायच्या वेळेला पुलाचं तोंड दाबायचं आणि वर पर्यावरणाच्या गप्पा. तेवढा वेळ चालू राहिलेल्या इंजिनांचा धूर कोणाच्या खात्यावर?

खाजन

मी त्या संध्याकाळी तिथे स्वयंसेवक होतो, म्हणून लिहितो.

आझाद मैदानात किती वेळा बसलो याला गणती नाही. आतल्या पानावर चार ओळी येतात. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदरच्या रेल्वे फाटकावर हजारो लोक पहाटेपर्यंत बसले, तेव्हा कुठे रेल्वेचं दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग हे तिन्ही प्रकल्प मोलेच्या जंगलातून जाणार आहेत हे गोव्याबाहेर कळलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट ते कुळे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. ती काही फाटकावर बसल्यामुळे नव्हे, कागदपत्रांची लढाई लढणारे वेगळे होते. पण फाटकावर कोणी बसलंच नसतं तर त्या लढाईकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

रुग्णवाहिका आम्ही दोनदा सोडली, दोरी धरून बाजूला होण्याची तालीम केली होती. रायडरचं म्हणाल तर खरं सांगतो, बैठकीत तो विषयच निघाला नाही. आणि काढला असता तरी मी विरोध केला असता. आज रायडर, उद्या टॅक्सी, परवा आमदाराचा ड्रायव्हर म्हणेल माझंही पोट आहे.

दुसरं म्हणजे, ही लढाई त्याचीच आहे. मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे सरकारने ९ आणि १० तारखेला शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या, आठवतं? मुलं घरी, पंख्याखाली. त्या दुपारी घरोघरी जेवण कोणी पोचवलं? हवामान खातं किनारपट्टीवर ३७ अंशांपासून लाटेचा विचार करतं, कारण इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही. हेल्मेट घालून डांबरावर उभ्या माणसाला हे मी सांगायला नको.

तटस्थ

वरच्या दोघांशीही सहमत. (नाव सार्थ करतोय.)

अवांतर: त्या संध्याकाळी बसलेल्यांसाठी बिर्याणीची पाकिटं ॲपवरूनच आली होती म्हणे. ती बरी पोचली!

खाजन

@तटस्थ, ती म्हापशाहून एका मित्राच्या गाडीतून आली. पण हो, पाण्याचे बॉक्स ॲपवरून मागवले होते. हसा.

बांद्याचो

मी रायडर. गाव बांदा, खोली पर्वरीत, दुपारी आणि रात्री पणजीत गाडी मारतंय. वरचा सगळा वाचलंय. लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आधी पुलाचं सांगतो, कारण गाडीवाल्यांना ते कळत नाही. मांडवीवरचा नवा पूल आहे ना, अटल सेतू, त्यावर दुचाकीला बंदी आहे. २०१९ पासून तसंच आहे. दिवजा सर्कल बंद झालं की चारचाकीवाला शिव्या घालत मेरशीकडून वळसा मारून अटल सेतूवर चढतो आणि पर्वरीत उतरतो. दहा-पंधरा मिनिटं जातात, त्यापलीकडे काही नाही. आमच्यासाठी जुना पूल हाच एक पूल. तो बंद तर नदी बंद. म्हणजे तुम्ही अडवायला गेलात मोठ्या गाड्या, आणि पक्के अडकले ते स्कूटरवाले. हे तुमच्या बैठकीत कोणी मांडलं असतं तर बरं झालं असतं.

शुक्रवारी माझ्याकडे दोन ऑर्डरी एकदम होत्या, बेतीची एक, पर्वरीची एक. मी फेरीबोट धरली. पणजीच्या धक्क्यावर दुचाक्यांची ही रांग, सगळ्यांच्या पाठीला चौकोनी बॅगा. बोटीत पाय ठेवायला जागा नाही. मधेच बेतीच्या बाईंचा फोन, "भाऊ, मॅपवर तुम्ही नदीत दिसताय, सगळं ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटलं, पोहतोय. हसल्या. त्यांनी टीपसुद्धा दिली. पर्वरीवाल्याने मात्र दार उघडून पिशवी घेतली, तोंडातून शब्द नाही, आणि मी जिना उतरेपर्यंत एक तारा.

पैशाचं असं आहे. पेमेंट मॅपवरच्या अंतरावर. मॅपला रस्ता बंद आहे हे उशिरा कळतं, आणि फेरीबोट तर कधीच कळत नाही. वळशाचं पेट्रोल आमचं. थांबलो त्याचे मिळाले तर चिल्लर. रात्रीच्या गर्दीच्या वेळात सलग लॉगिन राहून ठरलेल्या ऑर्डरी झाल्या तर वरचा इन्सेंटिव्ह, आणि खरी कमाई त्या इन्सेंटिव्हचीच. एक ऑर्डर रद्द झाली किंवा अडकली की तो गेला. शुक्रवारचा गेला. सपोर्टला मेसेज केला तर आधी मशीन बोलतं, मग एक माणूस येतो, तो कुठल्या शहरात बसलाय देव जाणे, विचारतो, "पर्यायी मार्ग वापरला का?"

खाजनभाऊ, उन्हाचं बोललात ते खरं आहे. पण मला कोणी विचारलं की ऊन की मोर्चा, तर मी ऊन घेईन. उन्हात ऑर्डरी वाढतात. पावसात तर त्याहून. जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी असतं तेव्हा ॲप वर दहा-वीस रुपये देतं, म्हणून आम्ही निघतो. तब्येतीचं नंतर बघू म्हणतो. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. आहे ते सांगितलं.

आणि झाडांचं. पर्वरीला खाप्रेश्वराचा वड होता तेव्हा आम्ही ऑर्डर लागेपर्यंत त्याच्याखाली उभे राहायचो. मार्च २०२५ मध्ये उड्डाणपुलासाठी काढला. वड वाचवा म्हणून लोक जमले होते तेव्हा मी पण गाडी लावून थोडा वेळ उभा होतो. फोन वाजला, गेलो. आता दुपारी दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहतो, मालक हाकलतो.

सांतिनेजची रांदपीण

बांद्याचो, लिहायची सवय नाही म्हणता आणि नदीत पोहता! अटल सेतूचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भाच्याला धागा पाठवला आहे.

काळाकोट

कायद्याची बाजू थोडक्यात, फुकटात.

रस्ता अडवण्याबद्दल: शाहीनबागेच्या प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निदर्शनांचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापून बसता येणार नाही, निदर्शनं ठरवून दिलेल्या जागी व्हावीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये रस्त्यात अडथळा केल्याबद्दल पाच हजारांपर्यंत दंड आहे. चांदरच्या रात्रीनंतरही गुन्हे नोंदवले गेले होते. हे सगळं आंदोलक जाणून असतात आणि तरी बसतात, तो त्यांचा प्रश्न.

मला जास्त खटकतं ते दुसऱ्या बाजूचं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संसदेत झाली, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात गिग कामगाराची, म्हणजे नोकरीत नसून कामागणिक कमावणाऱ्याची, व्याख्या आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याण निधीत घालायचे असं आहे. विमा, अपघात, म्हातारपण यांसाठी ते ठीक. पण रायडर त्यातही कंपनीचा नोकर ठरत नाही. नोकराला रस्ता बंद असल्यामुळे कामावर पोचता आलं नाही तर फार तर एक रजा जाते. रायडरचा रस्ता बंद झाला तर तो त्याच्या धंद्यातला तोटा. बांद्याचो यांनी सांगितलेला इन्सेंटिव्ह कापला गेला, तर दाद मागायची कोणाकडे? मजुरी कापली म्हणावं तर ती मजुरीच नाही.

म्हणून माझ्या मते या धाग्याचा मथळा अर्धा आहे. अडवतात आंदोलक, पण अडकल्याचा दंड लावते कंपनी. दुसऱ्या भागाविषयी कोणी मोर्चा काढत नाही.

मिरामारची हवा

वकीलसाहेब, सगळं कंपनीवर ढकललं की झालं. कंपनीला काय माहीत दिवजा सर्कलवर कोण बसलंय?

काळाकोट

पाऊस पडला की दोन मिनिटांत गिऱ्हाइकाकडून जादा आकार घेता येतो त्यांना. एकाच ठिकाणी पन्नास रायडर अर्धा तास थिजलेले स्क्रीनवर दिसत असताना माहीत नाही म्हणतात, हे तुम्हाला पटतं?

बर्लिनात बांगडा

मूळचा मडगावचा, सध्या जर्मनीत. इथे २०२२ आणि २३ मध्ये 'लेट्झ्टे गेनेराट्सिओन' या हवामान आंदोलनाचे लोक हात डिंकाने रस्त्याला चिकटवून बसायचे. सकाळी कामाच्या वेळी, मुद्दाम. रुग्णवाहिकेला वाट देता यावी म्हणून एकदोघे चिकटवून न घेता बसत, म्हणजे उठता येईल. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये एका सायकलस्वार बाईच्या अपघातानंतर बचावाची एक गाडी वाहतूक कोंडीत अडकली, ती बाई गेली, आणि त्या गाडीने काही फरक पडला असता का यावर देशभर रणकंदन झालं. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी चिकटवून घेणं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

पण तुमच्या मुद्द्याशी जास्त जवळचं उदाहरण लंडनचं. १७ ऑक्टोबर २०१९, कॅनिंग टाउन स्टेशन. एक्स्टिंक्शन रिबेलियन या हवामान आंदोलनाच्या संघटनेचे दोघे भल्या सकाळी मेट्रोच्या टपावर चढले. फलाटावरच्या लोकांनी त्यांना पाय धरून खाली ओढलं. तो भाग कष्टकऱ्यांचा, आणि अडवली काय, तर विजेवर चालणारी सार्वजनिक गाडी. संघटनेतल्याच पुष्कळांना ते आधीपासून पसंत नव्हतं.

इथल्या रायडरांचं मात्र वेगळं आहे. बर्लिनमध्ये खाणं पोचवणारे बहुतेक सायकलवर असतात. अडवलेल्या मोटारींच्या रांगेमधून ते निघून जातात, बसलेले लोक पाय आखडून वाट देतात. इथे मोटार हाच निशाणा होता, त्यामुळे सायकलला सोडण्यात कोणाला तत्त्वाची अडचण वाटली नाही. दिवजावर दुचाकीला वेगळी वाट काढली तर खाजन यांचं आंदोलन पातळ होईल असं मला वाटत नाही.

अंत्रुजकार

वय झालं, लांबण लागेल.

मी केरीचे दिवस पाहिलेत. नायलॉन ६,६ चा कारखाना डोंगरावर येणार होता तेव्हा सगळा फोंडा तालुका पेटला होता. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात निलेश नाईक गेला. कारखाना शेवटी तामिळनाडूत गेला. त्या काळात रस्ता अडवला म्हणजे सगळंच अडायचं. बस नाही, दुकान नाही, पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल तेवढी सकाळी हॉर्न वाजवत यायची, आणि त्याला कोणी कधी अडवलं नाही. पाव येऊ दे म्हणायचे. आंदोलक पण तोच पाव खायचे ना. बाकी जो तो घरी, आणि घरी बसल्याची झळ सगळ्यांना सारखीच लागायची. मालकाला, नोकराला, मास्तरला.

आता माझा मुलगा बंदच्या दिवशी काय करतो? बाल्कनीत उभा राहून मोबाइलवर जेवण मागवतो. बंद असला की ऑर्डरी वाढतात हे बांद्याचो सांगतील. म्हणजे ज्यांना घरी बसवून सरकारची गैरसोय करायची, ते आरामात. त्यांची गैरसोय एक भाडोत्री पाठीवर घेऊन फिरतो. आंदोलन पूर्वीचंच आहे, पण ज्याच्यावर ते आदळायला हवं तो माणूस रस्त्यावर उरलेलाच नाही.

वाट द्यावी का? पोदेराला देत होतो.

बांद्याचो

आजोबा, बंदला ऑर्डरी वाढतात शंभर टक्के.

पिवळी-काळी

मी मोटारसायकल पायलट, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाला, पणजी स्टँड. आमचं सांगतो. आम्हाला परवाना आहे, पिवळा मडगार्ड आहे, स्टँड आहे, संघटना आहे. मोर्चा असला की पोलीस आदल्या दिवशी स्टँडवर येऊन सांगतात, अमुक वेळ इथून गाड्या हलवा. आंदोलनवाले पण येतात, बाबांनो समजून घ्या म्हणतात. डिलिव्हरीच्या पोरांना कोण सांगणार? त्यांचा स्टँड कुठे? झाडाखाली, पत्र्याखाली, जिथे हाकलत नाहीत तिथे.

राग आहे माझा त्यांच्यावर, लपवत नाही. पूर्वी दुपारचे डबे, औषधं, विसरलेल्या चाव्या सगळं आम्ही न्यायचो. ते गेलं. पण शुक्रवारी त्यातला एक पोरगा सर्कलवर रडकुंडीला आलेला पाहिला, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे भरायची वेळ टळत होती त्याची. राग तिथे काय कामाचा.

मिरामारची हवा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आंदोलन 'गोंय राखात' म्हणून, आणि आपण सगळे इथे चर्चा करतोय भायल्यांच्या, बाहेरून आलेल्यांच्या कमाईची. आधी ठरवा काय ते.

सांतिनेजची रांदपीण

मिरामार, तुमच्या घरी काल रात्री जेवण कोणी आणून दिलं ते नाव ॲपमध्ये बघा. आणि बांदा इथून पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे आहे, परदेशात नव्हे. माझी आई बांद्याचीच.

तटस्थ

इथे मी तटस्थ नाही. मावशींना +१.

बांद्याचो

मावशी, सोडा. रोज ऐकतो. गोंयकार रायडर पण आहेत, शुक्रवारी फेरीबोटीत माझ्या बाजूला चिंबलचा होता एक. त्याचा पण इन्सेंटिव्ह गेला, ॲपने त्याला गोंयकार म्हणून सोडला नाही.

खाजन

काल रात्री बैठकीत हा धागा वाचून दाखवला. बराच वाद झाला. जे ठरलं ते आणि जे नाही ठरलं तेही लिहितो.

जुन्या पुलाचं तोंड यापुढे पूर्ण बंद करायचं नाही, डाव्या कडेने एक दुचाकी जाईल एवढी वाट दोरीने राखायची, हे बहुतेकांना मान्य झालं. अटल सेतूच्या मुद्द्याने काम केलं. आमच्यातले दोघे स्वतः स्कूटरवरून येतात आणि त्यांनाही तो विचार सुचला नव्हता. रायडरांना आदल्या दिवशी कळवायचं हेही मान्य, पण कसं, ते कोणालाच ठाऊक नाही. पोलिसांना कळवतो, पेपरात येतं. रायडरांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर बांद्याचो यांनी सांगावं.

ॲपवाल्यांना रस्ता बंद असा पर्याय द्या, त्या वेळेतला उशीर आणि रद्द ऑर्डर रायडरच्या माथी मारू नका, ही मागणी आमच्या निवेदनात घालायची का, यावर मात्र दोन तट पडले. काही जण म्हणाले आपला विषय कोळसा, हे कामगार संघटनेचं काम. मी घालायच्या बाजूचा. उद्या कंपन्या रायडरला इलेक्ट्रिक गाडी घे म्हणतील. दिल्लीत तर २०३० पर्यंत ताफा पूर्ण विजेवर नेण्याचा नियमच आहे. चांगलंच आहे, पण हप्ता रायडर भरणार. हवामानाचं ओझं दर वेळी त्याच पाठीवर जाणार असेल तर तो आपल्याकडे पाठ फिरवेल, आणि मी त्याला दोष देऊ शकणार नाही.

मिरामारची हवा

एक वाट दोरीने. बघू किती वेळ टिकते. पहिल्या दहा मिनिटांत बुलेटवाले घुसतील.

पिवळी-काळी

दोरीवर उभे राहायला आमच्या स्टँडवरचे दोघे देतो. बुलेटवाल्यांना आम्ही ओळखतो.

काळाकोट

खाजन, निवेदनाचा मसुदा पाठवा. 'रायडरला नुकसानभरपाई द्या' असं मोघम लिहू नका. पोलिसांनी वाहतूक वळवल्याचं जाहीर केलं असेल त्या वेळेत त्या भागातल्या ऑर्डरी रेटिंग आणि इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळा, एवढंच मागा. त्याला नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल.

बांद्याचो

ग्रुप आहे. पणजी-पर्वरीचा वेगळा, म्हापशाचा वेगळा. ॲडमिन मी नाही, पण सांगतो त्याला. एकच अट, ग्रुपवर भाषणं टाकू नका. रस्ता कुठला, किती ते किती, बास. हिंदीतून टाका, आसामची पोरं पण आहेत.

बैठकीला या म्हणाल तर शुक्रवार-शनिवार-रविवार जमणार नाही. सोमवार बरा. अर्धं पणजी मासे खात नाही, ऑर्डरी कमी.

सांतिनेजची रांदपीण

मग सोमवारी माझ्याकडेच या सगळे. अळसांद्याचं तोणाक आणि पाव. मिरामार, तुम्हीसुद्धा.

खाजन

साडेतीन?

बांद्याचो

चार. दुपारचा स्लॉट साडेतीनला सुटतो, मग पर्वरीहून यायचंय. जुन्या पुलावरून.